जुन्या जीन्सपासून हाताने भरलेला पॅच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅचबद्दल विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा टाके शिकायचे असतात. टाके चार दिवसांत हाताला बसतात. पॅच टिकतो की तिसऱ्या धुण्याला उसवतो, हे मात्र कापड कुठलं घेतलं आणि कड कशी बांधली यावर ठरतं. त्यामुळे खाली या दोन गोष्टींवर जरा लांबण लागली आहे.

पॅचसाठी कुठली जीन्स घ्यावी?

न ताणणारी, शंभर टक्के सुती. आतलं लेबल पुसट झालं असेल तर कापड आडवं धरून ओढून पाहा. रबरासारखं ताणून परत आलं तर त्यात इलास्टेन आहे. हे लवचिक सूत बहुधा आडव्या धाग्यांत असतं, म्हणून उभं ओढून काही कळत नाही. असं कापड भरतकामाच्या रिंगमध्ये ताणून भरलं की छान दिसतं, पण रिंग काढली की आकसतं आणि नक्षीला सुरकुत्या पडतात. घरात तेवढंच असेल तर मागे फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावून काम भागतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

जाडी हा दुसरा मुद्दा. डेनिमची जाडी औंसात सांगतात, म्हणजे एक चौरस यार्ड कापडाचं वजन. नेहमीच्या पुरुषी जीन्स साधारण 11 ते 14 औंसांच्या असतात, डेनिमचे शर्ट त्याच्या निम्म्यावर. हाताने भरायला 8 ते 11 औंस उत्तम. वजनकाटा काढायची गरज नाही. कापडाची दुहेरी घडी घालून सुई टोचा. जोर न लावता आरपार गेली तर तुमची बोटं दोन तास टिकतील.

जीन्सचा कोणता भाग कापायचा?

पोटरीचा, मागच्या बाजूचा. तिथे घर्षण कमी, कापड घट्ट आणि रंग सारखा. मांडीच्या आतली बाजू विरलेली असते, ती घेऊच नका. गुडघ्यापुढचं कापडही फुगून सैल झालेलं असतं. शंका आली तर तुकडा खिडकीशी धरा. उजेडाचे ठिपके दिसले की तो तुकडा उशीत भरायला ठेवा.

एक जागा मात्र खास माझ्या आवडीची आहे. मागचा खिसा उसवून काढला की त्याखाली नव्या जीन्सइतका गडद निळा पाचकोनी ठसा निघतो, भोवती फिकट कापड, आणि कडेने जुन्या टिपेची बारीक भोकं रांगेत. खिसा दहा वर्षं त्या कापडाला उन्हापासून आणि घासण्यापासून झाकत होता. तो गडद पाचकोन चौकट म्हणून तसाच ठेवून आत पांढऱ्या दोऱ्याने काही भरलं तर वेगळी बॉर्डर काढावी लागत नाही. खिसा उसवायला ब्लेड नको, सीम रिपर (टाके उसवायचं छोटं हत्यार) वापरा. कोपऱ्यांवर दाट आडवी टीप असते, तिथेच कापड फाटतं.

मीठ किंवा व्हिनेगर घालून भिजवलं की रंग पक्का होतो ना?

नाही. हा सल्ला घरोघरी देतात, पण जीन्सला तो लागू नाही. जीन्सचा निळा रंग म्हणजे नीळ, आणि ती पाण्यात विरघळत नाही. रंगवताना तिला रसायनाने विरघळणाऱ्या रूपात आणतात, त्यात सूत बुडवतात आणि बाहेर काढून हवा लागू देतात. हवेने ती पुन्हा न विरघळणारी होते आणि सुताच्या वरच्या थरात अडकून बसते. गाभा पांढराच राहतो. म्हणून जीन्स घासली की पांढरी पडते. मीठ टाकून यातलं काहीच बदलत नाही.

खरा उपाय म्हणजे आधीच धुऊन मोकळं व्हायचं. कोमट पाण्यात साबणाने दोनतीनदा धुवा, मग ओल्या पांढऱ्या रुमालाने जोरात घासून पाहा. रुमाल निळा झाला तर अजून एकदा धुवा. वर्षानुवर्षं वापरलेली जीन्स या परीक्षेत सहसा पहिल्याच फेरीत पास होते, आणि जुनी जीन्स घ्यायची ती म्हणूनच. नव्या कापडावर पांढरा दोरा भरला तर तो आठवड्यात आकाशी होतो.

सामान काय लागतं?

सहापदरी सुती दोऱ्याच्या लडी, पाच-सहा इंची लाकडी रिंग, भरतकामाच्या सुया, धारदार कात्री, अंगुस्तान (बोटावर घालायची टोपी), शिंप्याचा खडू. पुण्यात रविवार पेठ किंवा तुळशीबाग, मुंबईत दादर, आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी बांगड्या-लेस-बटणं विकणारं दुकान, एवढ्यात सगळं मिळतं.

सुयांचा नंबर उलटा चालतो, नंबर मोठा तर सुई बारीक. डेनिमला तीन पदरांसाठी 5 किंवा 6 नंबर घ्या. सुई दोऱ्यापेक्षा किंचित जाड हवी, म्हणजे ती भोक पाडते आणि दोरा न घासता मागून जातो. बारीक सुईने भरलं की दोऱ्याला लव सुटते आणि चूक दोऱ्याची वाटते.

चकचकीत ‘रेशीम’ म्हणून जो स्वस्त दोरा मिळतो, तो बहुतेकदा रेयॉन असतो. साडीच्या काठाला ठीक, पण रोज घासल्या जाणाऱ्या पॅचवर त्याचे तंतू निघतात. लाल आणि मरून सुती दोराही आधी भिजवून टिपकागदावर दाबून पाहा. सगळ्यात जास्त रंग हेच दोन सोडतात.

आधी पॅचचा आकार कापू की आधी भरू?

आधी भरा. तीन इंचांचा पॅच हवा असेल तर आठ इंचांचा चौकोन घ्या, रिंगमध्ये ताणा, भरा, आणि शेवटी कापा. आधी कापलेल्या तुकड्याची कड हाताळताना सुटत जाते, आणि भरून होईपर्यंत तीन इंचांचे अडीच झालेले असतात.

कापण्यापूर्वी मागच्या बाजूला खडूने उभ्या धाग्यांच्या दिशेने बाण काढा. जीन्समध्ये उभे धागे निळे आणि आडवे पांढरे, म्हणून उलटी बाजू पांढुरकी दिसते. पॅच लावताना त्याचे उभे धागे खालच्या कपड्याच्या उभ्या धाग्यांशी जुळले तर धुतल्यावर दोन्ही एकाच बाजूने आटतात. पॅच गोल असला की दिशा ओळखू येत नाही, तेव्हा या बाणाची किंमत कळते.

माझ्याकडचा तुकडा रिंगपेक्षा लहान आहे. मग?

जुन्या मलमलच्या किंवा धोतराच्या फडक्यावर तो तुकडा मधोमध ठेवून चारी बाजूंनी कच्ची टीप घाला. फडकं उलटं करून, डेनिमच्या मागचं फडकं आतून कापून टाका, कडेचा सेंटिमीटरभर भाग ठेवून. आता रिंगेत फडकं ताणलं जातं आणि डेनिम आपोआप. खिशाच्या तुकड्यांना हाच उपाय.

गडद निळ्यावर नक्षी उतरत नाही. काय करू?

ट्रेसिंग पेपर आणि पिवळा किंवा पांढरा शिंप्याचा कार्बन कागद, वरून रिकामी बॉलपेन. हे सगळ्यात सोपं. डेनिमची तिरकी रेघ पेनला आपल्या बाजूला ओढते, म्हणून कागद चारी बाजूंनी टाचण्यांनी पक्का करा आणि एका दमात लांब रेघ ओढू नका.

जरीकामाचे कारागीर वेगळं करतात. नक्षीच्या कागदावर रेषेवरून सुईने बारीक भोकं पाडतात, त्याला खाका म्हणतात. मग गडद कापडावर पांढरी पावडर आणि रॉकेल यांचं मिश्रण बोळ्याने वरून फिरवतात, आणि भोकांतून ठिपके उतरतात. एकच नक्षी दहा पॅचवर हवी असेल तर खाका करणं परवडतं. घरी रॉकेल आणायची गरज नाही, कोरडी खडूची पूड चोळून ठिपके खडूच्या पेन्सिलीने लगेच जोडले की झालं.

पाण्याने विरघळणारी पारदर्शक फिल्मही मिळते. ती वर चिकटवायची, तिच्यावरूनच भरायचं आणि शेवटी धुवायची. बारीक नक्षीला छान, पण सुईला थोडी चिकट लागते.

कोणते टाके डेनिमवर शोभतात? पदर किती घ्यायचे?

साखळी टाका, उलटी टीप, दांडी टाका, फ्रेंच नॉट (सुईला दोरा वेढून केलेली गाठ) आणि साधा धावदोरा. एवढ्यावर आयुष्य निघतं. बाह्यरेषेला तीन पदर, बारीक तपशिलाला दोन, ठसठशीत अक्षराला चार. लडीतून सहाचे सहा पदर एकदम ओढून वेगळे करू नका, गुंता होतो. एकेक पदर सरळ वर ओढून काढा आणि मग हवे तेवढे जुळवा. असे सुटे करून जुळवलेले पदर कापडावर सपाट बसतात. दोरा कोपरापासून बोटांपर्यंत, त्याहून लांब नको. डेनिम प्रत्येक टाक्याला दोरा घासतं, आणि लांब दोऱ्याचं शेवटचं टोक मळकट आणि पिंजलेलं होतं.

भरीव टाक्याने मोठी पानं भरण्याचा मोह होतो. सेंटिमीटरहून लांब भरीव टाका पॅचवर घालू नका. किल्ली, बॅगेचा पट्टा, मांजर, काहीतरी त्यात अडकतंच. मोठा आकार असेल तर साखळीच्या ओळी एकमेकींना खेटून घाला, किंवा काश्मिरी टाक्याने लांब-आखूड भरा.

धावदोऱ्याला कमी लेखू नका. आपल्या गोधड्या त्यावरच उभ्या आहेत, आणि जपानमध्ये निळ्या सुती कपड्यावर पांढऱ्या दोऱ्याने जे सशिको करतात तेही मुळात धावदोराच. वर टाका मोठा, खाली लहान, आणि अंतर सारखं ठेवलं की निळ्यावर पांढरं इतकं उठून दिसतं की दुसरी नक्षी लागत नाही.

देवनागरीत नाव भरायचं आहे. अक्षरं नीट कशी येतील?

शिरोरेषा सगळ्यात आधी काढा, पण भरा सगळ्यात शेवटी. आधी भरली तर अक्षरांच्या दांड्या तिच्या खाली कुठे चिकटवायच्या यातच वेळ जातो आणि प्रत्येक जोडाला गाठोडं होतं. शेवटी एक अखंड साखळी डावीकडून उजवीकडे घातली की सगळ्या दांड्यांची टोकं तिच्याखाली झाकली जातात.

उंची किमान अडीच सेंटिमीटर ठेवा. त्याखाली ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि ‘ऋ’ यांची पोटं बुजतात. वळणांना दांडी टाका, कारण तो लहान टाक्यांत वाकतो. ‘क’ची डावी गाठ आणि ‘ळ’ची दोन्ही पोटं यावर हात बसवायचा असेल तर आधी रद्दी कापडावर तेवढंच भरून पाहा. ‘ळ’ बहुतेकांचा आडव्या आठासारखा होतो. त्याला वरच्या दांडीपासून सुरुवात करा आणि मध्ये दोरा तोडू नका.

अनुस्वाराला फ्रेंच नॉट, दोन वेढ्यांची. रफार मात्र एका सुट्या साखळी टाक्याने येत नाही, तो दोन-तीन बारीक उलट्या टिपांनीच वळवावा लागतो. मराठी नावांत ‘र्‍य’ आणि ‘र्‍ह’ येतात, कुऱ्हाडे, गोऱ्हे वगैरे. संगणकावरून छापून घेतलेल्या कागदावर हे जोड नीट आलेत का ते आधी वाचून घ्या. भरून झाल्यावर उसवायला दुप्पट वेळ लागतो आणि डेनिमवर जुन्या टाक्यांची भोकं दिसत राहतात. नखाने खरवडून आणि वाफेची इस्त्री देऊन ती थोडी मिटतात, पूर्ण नाही.

वारली किंवा पैठणीची नक्षी चालेल का?

वारली तर डेनिमसाठीच जन्मल्यासारखी दिसते. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात ती चित्रं मुळात पांढऱ्या रेषेची, सपाट. दोन त्रिकोणांचं धड, गोल डोकं, काडीचे हातपाय. उलट्या टिपेने सहज येतात, आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर गोल पॅचला तर उत्तम. एक सांगणं आहे. लग्नात मांडतात तो देवचौक, आत पालघाट देवी असलेला, हा पूजेचा भाग आहे. तो जीन्सच्या मागच्या खिशावर किंवा गुडघ्यावर नको.

पैठणीच्या काठावरचा मोर एवढ्या जाड कापडावर गोळा होऊन बसतो. मुनिया, म्हणजे तो लहान हिरवा पोपट, चांगला येतो. दोऱ्याच्या हिरव्या छटा दोन, लाल एक आणि किंचित पिवळा. जरीचा दोरा वापरायचा असेल तर तो कापडातून ओढू नका, वर ठेवून बारीक टाक्यांनी टाचा.

सुई ओढताना बोटं दुखतात.

जाड शिवणीवरून भरताय का? जीन्सच्या पायाच्या आतल्या बाजूच्या दुमडलेल्या शिवणीत बहुधा कापडाचे चार थर असतात. नक्षी तिथे जाऊच देऊ नका. बाकी ठिकाणी सुई साबणाच्या वडीत एकदा खुपसून घ्या, आणि ओढताना फुटक्या फुग्याचा तुकडा धरा. पकड वापरली तर सुई वाकते.

कड कशी बांधायची, म्हणजे सुटणार नाही?

इथेच पॅच जगतो किंवा मरतो. सरळ धाग्यावर कापलेली कड सगळ्यात लवकर सुटते, तिरकी कमी. म्हणून गोल पॅचमध्ये तुम्हाला चार जागी धागे निघताना दिसतील आणि मधल्या चार जागी नाही. टोकदार कोपरे पहिल्याच महिन्यात उचलले जातात. पहिला पॅच करत असाल तर गोल, लंबगोल किंवा गोलसर कोपऱ्यांचा चौकोन घ्या.

भरून झालं की, अजून रिंगेत असतानाच, बाह्यरेषेच्या तीन मिलिमीटर आत बारीक उलटी टीप फिरवा. ही दिसणार नाही, पण ताण हीच धरते. मग रिंग काढून बाह्यरेषेवर कापा. लगेच, त्याच बैठकीत, काजाचा टाका सुरू करा. उद्यावर टाकू नका. तीन पदर, टाक्याची खोली चार-पाच मिलिमीटर म्हणजे आतल्या टिपेच्या पलीकडे, आणि दोन टाक्यांमध्ये जेमतेम एका दोऱ्याची जागा. गाठीची ओळ बरोबर कडेच्या माथ्यावर बसली पाहिजे. ती पुढच्या तोंडावर आली तर पांढरे धागे बाहेर डोकावतात, मागे गेली तर कड उघडी पडते. कोपऱ्यावर एकाच भोकातून तीन टाके पंख्यासारखे फिरवा.

दोरा संपला तर जुना दोरा शेवटच्या गाठीतून मागे नेऊन टाक्यांखाली दडवा आणि नवा त्याच गाठीतून वर काढा, म्हणजे साखळी तुटल्यासारखी दिसत नाही. तीन इंची पॅचच्या कडेलाच नक्षीइतका वेळ लागू शकतो. लागू द्या.

दुमडून शिवणं हा दुसरा मार्ग. पातळ शर्टाच्या डेनिमला तो चालतो, जाड जीन्सला कडेवर दोरखंडासारखा उंचवटा येतो.

तिसरा, मुद्दाम झालर सोडायची. कडेपासून सेंटिमीटरभर आत दोनदा टीप फिरवा आणि बाहेरचे धागे सुईने एकेक ओढून काढा. चौकोनी पॅचमध्ये गंमत होते. वर आणि खाली पांढरे आडवे धागे निघून जातात आणि निळी झालर राहते, डावी-उजवीकडे निळे निघतात आणि पांढरी राहते. मुलांना हे काम द्या, अर्धा तास शांतता.

मागे फ्युजिंग किंवा बक्रम लावू का?

जॅकेट किंवा पिशवीवरच्या पॅचला पातळ फ्युजिंग चालेल. ताणणाऱ्या डेनिमला भरण्यापूर्वीच लावा. बक्रम (कडक अस्तर) नको, पॅच पुठ्ठ्यासारखा उभा राहतो आणि सुई दुप्पट अडते.

डिंकाने चिकटवला तर?

सुतारकामाचा पांढरा डिंक पाण्यात सैल होतो, आणि वाळल्यावर त्यातून सुई जात नाही. टाचण्यांऐवजी तात्पुरता धरायला कापडाच्या डिंकाचा एखादा ठिपका मध्यभागी ठीक. कडेला अजिबात नाही.

पॅच कपड्यावर कसा शिवायचा?

पॅच आणि कपडा दोन्ही धुतलेले हवेत. पॅच जागेवर ठेवून कपडा अंगात घाला आणि आरशात पाहा. टेबलावर मधोमध वाटणारा पॅच छातीवर बगलेत जातो. मग कच्ची टीप, आणि शिवणाच्या पक्क्या पॉलिस्टर दोऱ्याने काजाच्या टाक्यांच्या पायथ्यातून आडवे लहान टाके. गाठींच्या साखळीत सुई घालू नका, ताण आला की तीच तुटते. खिशावर लावत असाल तर खिशात पत्त्याएवढा पुठ्ठा सरकवा, नाहीतर खिसाच शिवला जातो. पँटच्या पायात गुंडाळलेलं मासिक.

गुडघा फाटलाय. पॅच वरून लावू की आतून?

भोक रुपयाएवढं असेल तर आतून, आणि वरून धावदोऱ्याच्या ओळी. मोठं असेल तर वरून, आणि भोकाच्या चारी बाजूंना निदान तीन सेंटिमीटर धडधाकट कापडावर टेकलेला. भोकाच्या अगदी काठावर शिवलेलं ठिगळ धोक्याचं, कारण आजूबाजूचं कापडही विरलेलंच असतं आणि नवी फाट पॅचच्या कडेनेच सुरू होते. टाचण्या लावताना गुडघा थोडा वाकवा. पँट ताणणारी आणि पॅच न ताणणारा असेल तर तिरकं कापलेलं डेनिम घ्या, ते थोडं सैल देतं. गुडघ्यावर फ्रेंच नॉट नकोत, बसताना टोचतात आणि झिजतातही.

धुणं आणि इस्त्री?

उलटा करून, थंड पाण्यात, ब्रश न लावता. सावलीत वाळवा. इस्त्री नेहमी मागून, खाली जाड टॉवेल घेऊन, म्हणजे टाके चपटे होत नाहीत.

असे पॅच विकता येतील का?

येतील. कंपन्यांचे लोगो, क्रिकेट संघांची चिन्हं आणि कार्टूनमधली पात्रं भरून विकू नका, ती दुसऱ्याची मालमत्ता असते. किंमत ठरवताना कडेचे तास मोजा. बहुतेक जण फक्त नक्षीचे मोजतात आणि मग परवडत नाही म्हणून मशीनच्या ओव्हरलॉककडे वळतात.

उरलेल्या जीन्सचं काय करू?

कमरेचा पट्टा पिशवीचा बंद होतो. चेन आणि बटण काढून ठेवा. खिशांच्या कोपऱ्यांवरचे रिव्हेट (धातूच्या गुंड्या) कापडासकट कापून टाका, ते कात्रीची धार घालवतात. बारीक चिंध्या उशीत, आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या पुढच्या पॅचच्या दोऱ्यांची परीक्षा घ्यायला.